कुंताची बरणी

माझं नाक आता पहिल्यासारखं राहिलं नाही. परवा गॅसवर दूध करपलं, तर मला शेजारणीनं येऊन सांगितल्यावर कळलं. सून तोंड वळवून हसली. हसू दे. तिला काय ठाऊक, एके काळी याच नाकावर मी घर चालवलं म्हणून.

१९९९ साली मी जवळच्या मुर्री गावाहून सायकल मारत गोंदियाच्या बाजारात एका वैद्यांकडे कामाला लागले. लोक मला नर्सबाई म्हणायचे, काही कंपाउंडर म्हणायचे. मी दोन्ही नव्हते. मी औषधं करणारी होते. कुटणं, चाळणं, उकळणं, गाळणं, भरणं. पुढं बसून नाडी बघायचे ते वैद्यजी, आणि मागच्या खोलीत चुलीशी मी. वैद्यजींचा दवाखाना त्यांच्या आजोबांपासूनचा. गोंदियात सगळे त्यांना वैद्यजीच म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. उंच, हाडकुळा माणूस. राग आला की आवाज वाढण्याऐवजी खाली जायचा. त्यांचं बोलणं ऐकू येईनासं झालं की मी समजून जायची, आज काहीतरी बिनसलंय.

आमच्याकडे खोकला, गुडघे, मूळव्याध असलं सगळंच यायचं. पण वैद्यजींचं नाव होतं ते घाबरलेल्या माणसांसाठी. आमच्याकडे त्याला ‘भेव’ म्हणतात. भेव लागला म्हणजे माणसाच्या अंगात भीती घर करून बसली. अपघात झाला, विहिरीत पडला, डोळ्यांसमोर कोणी गेलं. जखम भरते, पण माणूस झोपेत दचकतो, भांडं पडलं तरी कापतो, त्या जागेवरून जायचं टाळतो. आता याला इंग्रजीत चार अक्षरी नाव आहे आणि टीव्हीवर त्याची चर्चा चालते. तेव्हा आमच्याकडे आधी भगत, मग वैद्यजी, आणि सगळं थकलं की नागपूरचे मनाचे डॉक्टर असा क्रम होता. वैद्यजी तो क्रम उलटा करायला बघायचे. ‘आधी नागपूरला दाखवून या, गोळ्या दिल्या तर घ्या, माझ्या शब्दावर बंद करू नका, आणि माझी शिशी त्यांना दाखवून विचारा,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पेशंट नाराज व्हायचे. वैद्याकडे आलो आणि हा डॉक्टरकडे पाठवतो, म्हणजे याला येत नाही काहीतरी, असा त्यांचा हिशोब.

औषधं साधीच असायची. जटामांसी ही हिमालयातून येणारी मुळी. दिसायला खारीच्या शेपटीसारखी केसाळ, आणि वास असा की पहिल्यांदा हुंगणारा तोंड फिरवतो. ती संध्याकाळी पाण्यात भिजवायची आणि सकाळी गाळून ते पाणी प्यायचं. ब्राह्मीचं तूप. ब्राह्मी आम्हाला आमगावकडची एक बाई बोडीच्या काठावरून आणून द्यायची. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाच्या शेतातलं छोटं तळं. शंखपुष्पी, अश्वगंधा, जिभेला झोंबणारं वेखंड. झोपताना तळपायाला तिळाचं तेल. वैद्यजी प्रत्येकाला सांगायचे, ‘हे झोपेचं औषध आहे, विसरण्याचं नाही.’ विसरण्याचं औषध मागणारे काही कमी नव्हते.

एकदा रेल्वेचा ड्रायव्हर आला. मालगाडी चालवायचा. त्याच्या इंजिनासमोर कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. गाडी काही सायकल नव्हे, ब्रेक दाबला म्हणून थांबत नाही. वैद्यजींनी विचारलं, झोप येते का? तर म्हणाला, ‘वैद्यजी, नींद की बात छोड़ो. बस हॉर्न बजाते वक्त हाथ नहीं काँपना चाहिए.’ गाडी चालवणाऱ्याला गुंगी येईल असं काही द्यायचं नाही, म्हणून वैद्यजींनी त्याला फक्त पायाचं तेल दिलं आणि साहेबाला आणि रेल्वेच्या डॉक्टरला खरं सांगायला लावलं. त्याला काही दिवस यार्डातलं काम मिळालं. पुढं तो पेढे घेऊन आला आणि वर तक्रारही केली, की तेलानं सगळ्या चादरी खराब झाल्या आणि बायको मला खाली झोपायला लावते.

दुसरा एक पोलीस होता, केशोरीकडच्या जंगलात ड्यूटी असलेला. साध्या कपड्यात यायचा आणि म्हणायचा, एका मित्राला झोप येत नाही. वैद्यजींनीही कधी विचारलं नाही. ‘तुमच्या मित्राला सांगा, दारूनं झोप येते पण टिकत नाही. तुमच्या मित्राला सांगा, बायकोशी बोलत जा.’ तो मान हलवायचा. ‘सांगतो त्याला.’ मग एकदा यायचा बंद झाला. बदली झाली असेल असं मी स्वतःला समजावते. त्याच्या मित्राचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि अजूनही कधी खाकी कपड्यातला गप्प माणूस दिसला की मी चेहरा बघते.

पण मला सांगायचं आहे ते कुंताचं. त्यासाठी आधी अरिष्ट म्हणजे काय ते सांगावं लागेल.

अरिष्ट हे मुरवलेलं औषध. वनस्पतींचा काढा करायचा, थंड करायचा, त्यात गूळ-मध घालायचा आणि आंबवण्यासाठी धायटीची लाल फुलं टाकायची. मग बरणीचं तोंड कापडानं आणि मातीनं लिंपून ती ठेवून द्यायची. गोंदिया राईस मिलचं गाव, कोंड्याला तोटा नाही. आमच्या मागच्या खोलीत कोंड्याचा ढीग असायचा आणि त्यात बरण्या गळ्यापर्यंत पुरलेल्या. कोंड्यात ऊब टिकते. बरणीला कान लावला की आत गुणगुण ऐकू येते. गुणगुण थांबली की तोंड उघडून पेटती काडी आत धरायची. विझली तर अजून कच्चं आहे, तेवत राहिली तर तयार. माझ्या कामातलं हे मला सगळ्यात आवडायचं. बरणीला कान लावून बसले की वैद्यजी विचारायचे, ‘काय म्हणतेय?’ मी म्हणायची, ‘अजून बडबडून राहिली आहे.’

भेव लागलेल्यांना आम्ही सारस्वतारिष्ट द्यायचो. ते बाजारातही मिळतं, पण आमच्याकडची चव वेगळी, असं सगळं गोंदिया म्हणायचं. याचं कारण होतं वैद्यजींचे आजोबा. त्यांनी धायटीच्या जोडीला वाळलेली मोहफुलं घालायची रीत पाडली होती. त्यानं अरिष्ट लवकर मुरतं, गोड होतं आणि त्याला एक जडसर वास येतो. आमच्या झाडीपट्टीत मोह म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. फागुन-चैतात घरोघरी अंगणात मोहफुलं वाळत असतात, गायी तीच खातात, माणसंही खातात, आणि उरलेल्याचं काय होतं ते सरकारला ठाऊक आहे. दारूबंदी खात्याचा एक साहेब एकदा वासावर आमच्या मागच्या खोलीत शिरला होता. कोंड्यातल्या बरण्या बघून त्याचे डोळे चमकले. वैद्यजींनी त्याला परवाना दाखवला, पोथी दाखवली, शेवटी एक चमचा पाजला. जाताना तो आईसाठी एक बाटली घेऊन गेला.

मला मात्र त्या खोलीत राहून राहून मोहाचा वास यायचाच बंद झाला होता. जटामांसी कच्ची की जुनी, वेखंडात भेसळ आहे का, हे मी डोळे मिटून सांगायची. पण जो वास रोजच अंगावर असतो, तो नाक मोजत नाही.

कुंता आली तेव्हा मला तिथं लागून चार-पाच वर्षं झाली असतील. पावसाळा नुकताच संपला होता, धान लोंबीवर होतं. दवाखान्याच्या दारात एक ठेंगणी, काळीसावळी म्हातारी उभी राहिली. तिच्यामागं डोक्यावरून, गालावरून घट्ट पदर ओढलेली तरुण बाई. केशोरीच्याही पुढचं, जंगलाला लागून त्यांचं गाव. जीपनं अर्जुनीला येऊन, तिथून पॅसेंजरनं गोंदियाला आल्या होत्या. म्हातारीचं नाव पारबताबाई, ही तिची सून कुंता. मी पाणी द्यायला गेले तर म्हातारीनं मला खालून वर न्याहाळलं.

‘कोन जातीची व तू?’

‘बौद्ध.’

‘बरं. तिले आधी दे पानी, तिचं तोंड सुकून राहिलं.’

मला तिचा रागही आला आणि हसूही आलं. पुढं किती वर्षं आमचं असंच चाललं.

झालं होतं ते असं. त्या वर्षी फागुनात सासू-सुना पहाटे मोह वेचायला गेल्या. मोह रात्रीतून गळतो, उजाडायच्या आत वेचावा लागतो, नाहीतर जनावरं खातात. झाडाच्या एका अंगाला पारबताबाई, दुसऱ्या अंगाला कुंता, दोघी वाकलेल्या. कुंताला वाटलं, पलीकडं सासू आहे. तिथं अस्वल होतं. तेही मोहच खात होतं.

‘मी टोपलीनंच हानलं त्याले,’ पारबताबाई वैद्यजींना सांगत होती. ‘दुसरं होतं काय हातात? तोंडावर हानलं, थुत्तरावर हानलं. मोह सारा सांडला. गेलं मंग. पन हिचा गाल तं तवर झाला होता.’

कुंतानं पदर बाजूला केला. कानापासून हनुवटीपर्यंत गाल शिवलेला होता. डोळा वाचला होता, पण पापणी खाली ओढल्यासारखी झाली होती. जखम सरकारी दवाखान्यात नीट भरली होती. भेव भरला नव्हता. ती भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नव्हती. कुत्रं धापा टाकत जवळून गेलं की गारठून जायची. घरामागं एकटी जात नव्हती. लहान मुलीला रात्रभर इतकं आवळून धरायची की पोर रडून उठायची. चैतात, गावभर मोह वाळत असताना, ती आठ-आठ दिवस माहेरी जाऊन राहिली होती, आणि माहेरीही मोह होताच. नवरा देवचंद गरीब स्वभावाचा, पण त्याची भावकी बोलायला लागली होती, की ही बाई आता नांदत नाही, हिला कायमची माहेरी पोचवा. लेकीला मात्र ते ठेवून घेणार होते.

कुंता एवढंच बोलली, ‘मले घरी राहाचं हाय, वैद्यजी. माह्या पोरीजवर.’

वैद्यजींनी त्यांना आधी नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आमची औषधं बघितली आणि थोड्या प्रमाणात चालतील म्हणाले. मग वैद्यजींनी जटामांसीचं पाणी, ब्राह्मीचं तूप, पायाला तेल आणि दोन्ही जेवणांनंतर सारस्वतारिष्ट असं सुरू केलं. मी तिला अरिष्टाची बाटली मुद्दाम नव्या बरणीतून भरून दिली, छान मुरलेल्या. आमचं सगळ्यात चांगलं.

पुढच्या खेपेला कुंता खंगून आली. झोप जरा येते म्हणाली, पण जेवण झालं की अंगाला घाम सुटतो, हातपाय कापतात, उलटी होते. आता तर ताट बघूनच कापरं भरतं. वैद्यजींनी पित्त धरलं. अरिष्टात पाणी वाढवलं, मात्रा कमी केली. पुन्हा आली तर आणखी वाळलेली. वैद्यजींचा आवाज खाली गेला होता. मला ते दिवसभर ऐकूच आले नाहीत.

माझं मन मात्र दुसरीकडं धावत होतं. जेवणानंतर त्रास होतो, म्हणजे जेवताना काहीतरी होतं. आणि जेवताना समोर कोण असतं? सासू. ती तोंडाळ म्हातारी हिला ताटावर बोलत असणार, मोह बुडला, घर बुडलं म्हणत असणार. मी चार घरच्या सासवा पाहिल्या होत्या. कुंता पुढं नाडी दाखवत होती, तेव्हा मी पारबताबाईला मागच्या खोलीत बोलावलं आणि सरळ विचारलं.

‘पारबताबाई, तुम्ही सुनेला जेवताना बोलता का?’

‘बोलतो ना. जेव म्हनतो. दोन घास जास्तीचे खाय म्हनतो.’

‘तसं नाही. मोहाचं काही काढता का तिच्यासमोर?’

म्हातारी ताठ झाली. ‘मोहाचं?’ ती म्हणाली. ‘मी काढतो मोहाचं? आयक, बाई. आमच्या आंगनात आता मोहाचं एक फूल नाई. घरातला होता नव्हता तो दूर शेतातल्या खरावर नेऊन टाकला, गाईले बी तिकडंच चारतो. मी त्याले हात लावला तं आंग धुतल्याबिगर घरात पाय नाई ठेवत. लुगडं बी बाहेरच बदलतो. पोरगं माहं मोहाची पिऊन आलं तं त्याले गोठ्यात झोपवतो. अन् तुमी तिले शिशीतून मोह पाजून राहिले, दोन टाइम. मी बोललो काई तुमाले?’

मी बरण्यांकडं वळले. मग कोंड्यातल्या एका बरणीचं कापड सोडलं, वाकून हुंगलं. मला काही कळलं नाही. मला तो वास येणारच नव्हता. मी पुढं जाऊन वैद्यजींना सगळं सांगितलं आणि उठवून आणलं.

वैद्यजींनी हुंगलं, त्यांनाही वास आला नाही, आणि ते तिथंच कोंड्याच्या पोत्यावर बसले.

‘पारबताबाई,’ ते इतक्या हळू म्हणाले की म्हातारी पुढं वाकली, ‘तुम्हाला वास आला होता, मग सांगितलं का नाही?’

‘कायले सांगाचं? तुमी शिकले-सवरले. मले वाटलं, तुमी जानूनच देऊन राहिले. भेव काढाले भेवच पाजत असन म्हनलं, थोडा-थोडा. कुंताले बी तेच सांगतलं मी. पे माय म्हनलं, वैद्यजीनं इचार करून देल्लं हाय. तिनं नाक दाबून पेली सारी.’

तोवर कुंता दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सासूकडं बघितलं, वैद्यजींकडं बघितलं. ‘म्हंजे,’ ती म्हणाली, ‘पेवाचं नव्हतं का ते?’

वैद्यजी उठले, तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, ‘नव्हतं, बेटा.’ कुंता भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि हसायला लागली. हसता-हसता रडायला लागली. शिवलेल्या गालानं हसताना तिचं तोंड एका बाजूला जायचं, म्हणून ती कधी हसत नसे. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा हसताना बघितलं. पारबताबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून, आमच्या दोघांवर डोळे वटारून उभी होती, आणि मला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती.

त्यानंतर कुंतासाठी वेगळी बरणी लागली. नुसत्या धायटीची, मोहाशिवाय. जुन्या बरण्यांत वास मुरलेला, कितीही घासा जात नाही, म्हणून वैद्यजींनी नवी चिनी मातीची बरणी आणली. ती मोहाच्या बरण्यांपासून दूर, वैद्यजींच्या देवघराबाहेर, वेगळ्या कोंड्यात पुरली. घरात कुरकुर झाली, वैद्यजींनी ऐकली नाही. पण तयार झालेल्या औषधात वास नाही हे ठरवायचं कोणी? माझ्या नाकावर माझाच भरवसा उरला नव्हता, आणि वैद्यजींचं नाक तर तिसऱ्या पिढीचं. शेवटी ते काम पारबताबाईकडं गेलं. अरिष्ट तयार झालं की मी केशोरीच्या जीपवाल्याकडं निरोप धाडायची. म्हातारी पॅसेंजरनं यायची, बरणीवर वाकायची आणि तिचं नाक असं हलायचं की वैद्यजीसुद्धा श्वास रोखून उभे राहायचे.

‘दे व चमचा.’ मग जिभेवर थेंब. मग बराच वेळ विचार. ‘नाई. आता नाई मोह. पन तुझ्या हाताले येऊन राहिला. हात धू अन् मंग भर.’

मी मुकाट्यानं हात धुवायची. मुर्रीहून येताना कपडेसुद्धा वेगळे आणायची, कुंताची बाटली भरायच्या दिवशी घालायला. वैद्यजी म्हणायचे, ‘मंदाबाई, माझ्या आजोबांनंतर या दवाखान्यात मला रागावणारी ही पहिलीच.’

बुद्धीसाठी अरिष्ट घेणारा एक जुना शेठ मात्र चिडला. त्याला चुकून कुंताच्या बरणीतली बाटली गेली होती. ‘ये क्या दे दिया, इसमें वो बात नहीं है,’ म्हणत परत घेऊन आला. त्याला मोहवालं दिलं, तेव्हा त्याची अक्कल पुन्हा चालायला लागली.

कुंता एकदम बरी झाली असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवण अंगी लागायला लागलं, झोप यायला लागली, नागपूरच्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या. पोर तिच्या कुशीत न रडता झोपू लागली. भावकीची तोंडं पारबताबाईनं बंद केली, ती कशी ते मी विचारलं नाही. पण कुत्र्याची धाप ऐकली की ती अजूनही गारठायची, आणि फागुन लागला की तिच्या खेपा वाढायच्या. त्या घरानं मोह पुन्हा अंगणात आणला नाही. पारबताबाई मात्र आपल्या झाडाखाली जातच राहिली. वेचायची, खळ्यावर वाळवायची, तिथूनच विकायची, आणि नदीवर अंग धुऊन घरी यायची. मी एकदा म्हटलं, या वयात एवढं कशाला? तर म्हणाली, ‘माह्या सासूनं देल्लं झाड हाय. मी मेली का मंगच सुटन हा वास.’

वर्षं गेली. वैद्यजी थकले, आणि एका हिवाळ्यात गेले. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत, त्यानं दवाखाना चालवायचं काही कारण नव्हतं. बरण्या विकल्या, कोंडा एका वीटभट्टीवाल्यानं नेला. कुंताची बरणी मी मागून घेतली. तिच्यात शेवटचं अरिष्ट मुरत होतं. तयार झालं तसं गाळून बाटल्या भरल्या आणि म्हटलं, आता हे आपणच नेऊन द्यावं. पारबताबाई येईनाशी झाली होती. गुडघे गेले, खाटेवर आहे, असा जीपवाल्याचा निरोप होता.

मी गेले तेव्हा फागुन संपत आला होता. त्यांच्या गावात शिरलं की एका बाजूला घरं आणि दुसऱ्या बाजूला सरळ जंगल. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले. सुपाएवढ्या जागेत, एका जुन्या चटईवर, मोहफुलं वाळत होती. आणि कितीतरी वर्षांनी मला त्यांचा वास आला. जड, गोड, डोक्यात जाणारा वास. मला वाटलं, मी चुकीच्या घरी आले.

कुंता चटईच्या कडेला बसली होती. भिंतीला पाठ लावून, शिवलेला गाल चटईकडं करून, हात लांब ताणून फुलं परतत होती. हात कापत होता. कपाळावर घाम होता. मला बघून उठली आणि एका बाजूनं हसली.

‘गेली होतीस झाडाखाली?’ मी विचारलं.

‘दिवस वर आल्यावर गेली. हे डबा वाजवत मागं होते, पोरगी बी होती. जनावरानं सोडलेला तेवढाच मिरला. एक ओंजरभर आनला अन् दोनदा वकली.’

‘मग आणलास कशाला?’

तिनं आतल्या खोलीकडं मान वळवली. ‘दोन सालं झाले, तिले फुलाचा वास नाई भेटला. माह्यापाई.’

आत पारबताबाई खाटेवर होती. एवढीशी झालेली. मी पाया पडले तर आधी बाटल्यांकडं बघून म्हणाली, ‘हात धुऊन भरल्या ना व?’ मग बाहेरच्या चटईकडं बोट केलं. ‘आयकत नाई ती. पाहाय, कशी कापून राहिली. कोनं सांगतलं होतं तिले? सांग तू तिले, फेक म्हना ते.’

कुंता आत आली. हात न धुता आली. सासूजवळ बसली, आणि दोन्ही तळहात जोडून तिच्या नाकाशी धरले. हात अजून थरथरत होते. पारबताबाईनं ते आपल्या हातांत घट्ट धरले, स्थिर होईपर्यंत धरले, आणि डोळे मिटून खोल हुंगलं. आमच्या बरणीवर वाकायची तशीच, बराच वेळ.

‘ह्या सालचा गोड हाय,’ ती म्हणाली.